मार्गशीर्षातला मृग

वरच्या मजल्यावरची मंजिरी परवा एका मासिकातला आकाशाचा नकाशा घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, हा चुकीचा छापलाय. पूर्व डावीकडे दाखवलीय." मला फार बरं वाटलं. छापलेलं म्हणजे खरंच, असं धरून चालणाऱ्या मुलांत एक तरी शंकेखोर निघाली. मी तिला गच्चीवर सतरंजी टाकायला लावली, दक्षिणेकडे पाय करून उताणं झोपवलं आणि नकाशा चेहऱ्यासमोर धरायला सांगितलं. आकाशाचा नकाशा पायाखालच्या जमिनीचा नसतो, डोक्यावरच्या छताचा असतो. वर धरला की डावीकडची पूर्व बरोबर पूर्वेलाच जाते. तिने मान वळवून खात्री केली, 'हं' म्हणाली, पण कपाळावरची आठी काही गेली नाही. ही पोरगी आकाश शिकेल, असं मला वाटलं.

मार्गशीर्ष लागला की भोरच्या रस्त्यांवरून पेंढा भरलेल्या गाड्या जाऊ लागतात. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रक आणि टेम्पो. वळणावर चार काड्या विजेच्या खांबाला अडकून राहतात आणि भाताच्या काडाचा तो गोडसर, किंचित धुळकट वास संध्याकाळभर गल्लीत रेंगाळतो. इतरांना त्या वासाने कशाची आठवण होते कोण जाणे. मला पाठीवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं झाली, तरी गच्चीवर अंधारात उभी राहिले की मी एकदा मागे वळून जिन्याच्या दाराकडे पाहून घेते.

त्या नजरेखाली मी एक अख्खा हंगाम काढला आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं. लग्न होऊन मी भोरहून वेल्ह्याच्या बाजूला, विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत नांदायला गेले, आणि भाताची कापणी सुरू व्हायच्या आत हे पलटणीत भरती होऊन निघूनही गेले. (लढाई संपल्यावर ते धडधाकट परत आले; वाचणाऱ्याने उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये.) घरात उरलो दोघी, सासू आणि सून. सासूबाईंना मी तिकडच्या रीतीने आत्याबाई म्हणे. शेजारच्या घरात त्यांचे धाकटे दीर राहत, म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांना मी मामंजी म्हणे. शेती एकत्र होती, आणि माझे सासरे वारल्यापासून दोन्ही घरांत शब्द मामंजींचा चाले.

तो हंगामच संशयाचा होता. खळ्यांवरून भाताचे भारे नाहीसे होत होते. कुणी म्हणे पलीकडच्या वाडीचे नेतात, कुणी म्हणे डोंगरात लपलेले फरारी. चळवळीतली माणसं इंग्रजी हद्दीतून निसटून भोर संस्थानच्या हद्दीत शिरतात, आणि तिकडे ससेमिरा लागला की पुन्हा माघारी वळतात, अशी बोलवा होती. त्यामुळे अनोळखी माणूस दिसला की तो एकतर फरारी, नाहीतर फरारीच्या मागावरचा. कामथडीचा एक पाहुणा वाट चुकून आमच्या खळ्यात आला, तर पाण्याचा तांब्या देण्याआधी त्याला त्याच्या मामाचं नाव आणि मामाच्या गावचं देऊळ विचारलं गेलं. बिचाऱ्याने दोन्ही सांगितलं, तरी पाणी पिऊन होईपर्यंत त्याच्या पिशवीवरची नजर कुणी हलवली नाही.

आत्याबाई तर अशा हंगामासाठीच जन्मल्या असाव्यात. दुधावरची साय त्या भांडं तिरकं करून पाहत. स्वतः बांधलेल्या पोत्याची गाठ दुसऱ्या दिवशी परक्याने बांधल्यासारखी निरखत. आरडाओरड नाही, टोमणे नाहीत, नुसतं बघणं. मी भाकरी थापत असले की त्या माझ्या हातांकडे बघत, आणि मला माझेच हात कुणाकडून तरी मागून आणल्यासारखे वाटू लागत.

आणि अशा घरात मी आले होते चांदण्यांचं वेड घेऊन. माझे वडील भोरला शाळामास्तर. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ते आम्हा भावंडांना नीरेच्या काठी नेऊन आकाश दाखवत. त्यांची शिकवण साधी होती. आधी दिवा विझवा. मग गप्प उभे राहा, डोळ्यांना अंधाराची ओळख पटेपर्यंत हलू नका. सगळं आकाश एकदम बघायला जाल तर हाताला काहीच लागणार नाही. एकच खूण पक्की करा आणि तिच्या आधाराने पुढे चला. पहिली खूण मृगाची. पूर्वेला एका ओळीत तीन चांदण्या, उगवताना एकीवर एक उभ्या. त्यांच्याभोवती जरा लांब चार, ते हरणाचे पाय. तिघींची रेघ खाली वाढवली की लखलखणारा व्याध, वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. अंतर मोजायचं ते हात लांब करून मुठीने. लुकलुकतो तो तारा, स्थिर जळतो तो ग्रह.

आता हेच सगळं वाडीच्या नजरेने पाहा. नवरा परमुलखात. सून जेवणं झाल्यावर घराला लागून असलेल्या खळ्याच्या कडेला जाते. हातातली चिमणी फुंकर मारून विझवते. काळोखात उभी राहते, हलत नाही, बोलत नाही. मग हात लांब करून मूठ वर धरते, कुणाला खूण करावी तशी. माझ्या वडिलांनी आकाश बघायला म्हणून जे जे शिकवलं, ते ते सगळं चोरून कुणाची वाट बघणारी बाई करते. हे मला तेव्हा सुचलं नाही. वाडीला लगेच सुचलं.

एका संध्याकाळी चिमणी विझवून मी वळले, तर मागे मामंजी उभे. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. दारात आत्याबाई.

"दिवा का इजवला?" मामंजींनी विचारलं.

"चांदण्या नीट दिसाव्यात म्हणून."

"कंच्या चांदण्या?"

मला वाटलं, दाखवून टाकलं की झालं. मी पूर्वेला बोट केलं. "तो बघा, मृग."

मामंजींनी आकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. "मिरुग," ते म्हणाले. "मार्गेसरात. वैनी, आयकलं न्हवं?"

शेतकऱ्याला मृग म्हणजे पेरणीचा पाऊस. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नक्षत्रं वाडीतल्या शेंबड्या पोराला तोंडपाठ होती. यंदा मृगाचं वाहन कोणतं, बेडूक की म्हैस, यावर पारावर तासन्‌तास खल चाले. पण ते नक्षत्र म्हणजे ज्येष्ठातला काळ, पावसाचा एक तुकडा. त्याच नावाचे तारे असतात, आणि ते ऐन थंडीत डोक्यावर येतात, हे कुणी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा मामंजींच्या दृष्टीने मी एकतर मृग कधी येतो हेही ठाऊक नसलेली खुळी, नाहीतर थापसुद्धा धड मारता न येणारी लबाड. त्यांनी दुसरं धरलं.

"मळनी, राब उरकू द्या, मंग पेरनीच्या आत हिच्या भावाला बोलवून घ्या," ते आत्याबाईंना म्हणाले. "घिऊन जाऊ दे. पुन्यांदा आनायची न्हाई."

असं माहेरी धाडलेल्या बाईचं पुढे काय होतं, ते मी भोरला आमच्याच आळीत पाहिलं होतं. भावजयीच्या स्वयंपाकघरातला एक कोपरा, आणि विचारणाऱ्याला सांगायला काहीच नाही, कारण काही घडलेलंच नसतं. शिवाय ज्यांनी मला ठेवायचं की टाकायचं ठरवायचं, ते हजारो मैलांवर. मी घाबरले. इतकी, की दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी करताना तव्यावर हात टेकला तरी मला उशिरा कळलं.

त्याहून वाईट म्हणजे मामंजींच्या शंकेचं उत्तर मलाही येत नव्हतं. मृग ज्येष्ठात येतो, हे खरं. तो मार्गशीर्षात समोर उगवलाय, हेही खरं. वडिलांना हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मला वडिलांचाच संशय येऊ लागला. त्यांना तरी कुणी शिकवलं? त्यांनी भलत्याच तीन चांदण्यांना मृग म्हटलं असेल आणि आम्ही मुलांनी मास्तरांचं म्हणून खरं मानलं असेल तर? ज्या माणसावर आयुष्यभर डोळे झाकून विश्वास टाकला, त्याच्याबद्दल असं मनात येणं फार वाईट असतं. कुणाला बोलताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर आत्याबाई घोंगडी घेऊन खळ्यात आल्या आणि कडेच्या दगडावर बसल्या.

"दाव," त्या म्हणाल्या. "कुटं हाय तुजा मिरुग?"

मी दाखवला.

"उद्या बी हितंच दिसंल?"

"हो."

"बगू."

'बगू' हा त्यांचा शब्द. 'होय'ही नाही, 'नाही'ही नाही, नुसतं बगू. त्यानंतर एक संध्याकाळ त्यांनी चुकवली नाही. मी लबाडी कुठे करते ते पकडायला त्या येत होत्या, हे त्यांनी कधी लपवलं नाही. खळ्याच्या मधोमध तिवडा होता, मळणीची बैलं बांधतात तो खांब. त्या रोज त्याच दगडावर, त्याच वेळी बसत. पहिल्या दिवशी तिघींतली वरची चांदणी तिवड्याच्या टोकाला टेकलेली होती. काही दिवसांनी त्याच वेळी तिघीही टोकाच्या वर गेल्या. आत्याबाई उठल्या, तिवड्यापाशी जाऊन बुडाची माती चाचपू लागल्या.

"तिवडा कुनी खाली ठोकला?"

"कुणी नाही, आत्याबाई. चांदण्या वर सरकल्या. रोज थोड्या सरकतात."

"त्या सरकत्यात आन् तिवडा सरकत न्हाई, हे तुला कुनी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिवड्याला जमिनीपासून हातभर उंचीवर शेणाचं बोट ओढलं. पुढे कितीतरी दिवस वर पाहण्याआधी त्या खाली वाकून आपल्या हाताने ती खूण मोजून घेत. पुढे मी आकाशावरची थोडीफार पुस्तकं वाचली. पण आपण ज्यावरून मोजतो तो खांब आधी तपासावा, हे मला त्या खळ्यातच समजलं.

त्या साली रोहिणीच्या शेजारी एक न लुकलुकणारा ठिपका होता. मी बेसावधपणे म्हणून गेले, "तो शनी." आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलगा लढाईवर, आणि सुनेने घरावरचा शनी बोटाने दाखवावा! दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शनिवारी मारुतीला तेल घालून आल्या आणि संध्याकाळी पुन्हा दगडावर येऊन बसल्या. "त्यो हालतो का?" त्यांनी विचारलं. हलतो, पण फार सावकाश, असं मी सांगितलं. "बगू," त्या म्हणाल्या. म्हणजे आता त्यांच्या पाळतीवर आम्ही तिघं होतो: मी, मृग आणि शनी.

हे कुणाला सांगितलं की हमखास विचारतात, तिकडे लढाईवर तेही हेच आकाश बघत असतील असं तुम्हाला वाटत असेल ना? नाही वाटायचं. असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही भरवसा नव्हता. ते दमून झोपत असतील, नाहीतर मान खाली घालून जीव वाचवत असतील. मी आकाशात नवरा शोधत नव्हते, सुटका शोधत होते. आणि आत्याबाई माझी चोरी. पण दोघी शोधणाऱ्या एकाच घोंगडीवर बसल्या की थंडी जरा कमी वाजते. कधी त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागे आणि त्या तो काढून घ्यायच्या विसरत.

माघ संपताना उत्तरेला सप्तर्षी वर आले. आकाशातलं एवढंच आत्याबाईंना माहेराहून ठाऊक होतं. त्यांच्या लेखी ती म्हातारीची बाज होती, आणि मागचे तिघं ती ओढून नेणारे चोर. "ह्या चोरास्नी अजून कुनी धरलं न्हाई," त्या म्हणाल्या. अंधारात दिसलं नाही, पण बहुतेक हसल्या.

फाल्गुनात मृग माथ्यावरून कलला आणि चैत्रात पश्चिमेला उतरू लागला. आमची घोंगडी खळ्यातून परसात आली. तिथून समोर तोरणा दिसे आणि त्याच्या उजव्या हाताला लांबलचक डोंगरधार. मी रोज बघत होते आणि रोज तो मावळतीकडे थोडा खाली येत होता. एका संध्याकाळी आभाळ अजून तांबडं असताना मला एकदम दिसलं. दिसलं म्हणजे काय, तो तर रोजच दिसत होता. त्या दिवशी उमगलं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "सूर्यच त्याच्याकडे चाललाय. रोज थोडा जवळ. ज्या दिवसांत सूर्य त्याच्या घरात जाऊन बसेल, त्या दिवसांत तो सूर्याबरोबरच उगवणार आणि मावळणार, म्हणजे उजेडात आपल्याला दिसायचाच नाही. तोच आपला ज्येष्ठातला मिरुग असला पाहिजे. पाऊस येतो तेव्हा तो नसतो असं नाही, झाकलेला असतो."

हे मला वडिलांनी शिकवलं नव्हतं, भीतीने शिकवलं होतं. वडील खोटे नव्हते, या आनंदाने मला रडू आलं ते वेगळंच. आत्याबाईंनी मावळतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आसंल," त्या म्हणाल्या. "नसंल बी. बगू."

वैशाख सरत आला. भातरोपांसाठी राब भाजून झाले, उतार काळे पडले, आणि धुरामुळे संध्याकाळची पश्चिम मळकट तांबूस दिसू लागली. उगवताना उभ्या असणाऱ्या तीन चांदण्या आता आडव्या होऊन डोंगरधारेवर टेकत. अंधार पडतो न पडतो तोच बुडत. आणि मामंजींचा निरोप मिळून माझा दादा भोरहून आला. नसरापूरपर्यंत बैलगाडी, पुढे पायपीट. त्याने मला काही विचारलं नाही. ओसरीवर मान खाली घालून बसून राहिला. माझी ट्रंक दारात बांधून ठेवलेली होती. सकाळी निघायचं होतं. मामंजी त्याच्याशी पेरणीच्या गोष्टी बोलत होते, काही झालंच नाही असं दाखवत.

तिन्हीसांजेला आत्याबाई एकट्याच परसात गेल्या. मी गेले नाही, मला धीर नव्हता. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"काल धारंवर व्हता," त्या म्हणाल्या. "आज न्हाई."

"कोन?" मामंजींनी काठी उचलली.

"मिरुग."

मामंजींनी काठी पुन्हा भिंतीला टेकवली. आत्याबाई बोलत राहिल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मार्गेसरापास्नं त्याच्या पाळतीवर हाय म्या. रोज सूर्याकडं सरकत व्हता. आज उजेडात बुडाला. आता पाऊस घिऊन यील. पोरगी म्हनत व्हती तसंच झालं."

"वैनी, लोकं काय काय बोलत्यात..."

"लोकांनी वर बगितलं का? तुमी बगितलं? येक दिस?"

मामंजींनी भिंतीला टेकवलेली काठी उगाच सरळ केली.

"म्या रोज बगितलं. वर बी बगितलं आन् हिच्याकडं बी बगितलं. हिच्या मांडीला मांडी लावून बसले व्हते. कोन आलं न्हाई. ही कुटं ग्येली न्हाई. आता ह्या घरात हिच्यावर कुनी बोलायचं न्हाई."

मामंजी उठले, दादाला म्हणाले, "जेवून घ्या, पावनं," आणि आपल्या घरी गेले. त्यांनी माफी मागितली नाही. त्या काळी सासरे सुनेची माफी मागत नसत, आणि मला ती नकोही होती.

जेवणं झाल्यावर चुलीपाशी मी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय आखडून घेतले.

"पाया कशाला पडतीस? माजा तुज्यावर इस्वास बसलाय आसं समजू नगंस."

"मग ठेवून का घेतलंत?"

त्यांनी निखारे राखेखाली सारले. "भावजींचा लोकांवर इस्वास व्हता. लोकं बोलली, त्यांनी मानलं; वर बगायची गरजच न्हाई पडली. माजा कुनावरच न्हाई. तुज्यावर न्हाई, लोकांवर बी न्हाई. म्हून म्या बगितलं."

मग त्या उठल्या, आणि माजघराच्या दाराशी थांबून मागे न वळता म्हणाल्या, "आन् उद्यापास्नं उजाडायच्या आधी उठत जा. ह्या अंगानं आत ग्येला, त्यो त्या अंगानं भाईर येतो का, त्ये बगायचं हाय मला. तवर तू हितनं हालायचं न्हाई."